नाव सापडले, पत्ता हरवला : कुलेतिहासातील संकेतस्थळांच्या संदर्भांविषयी

पुण्याच्या कसबा पेठेत राहणारे एक बौद्ध कुटुंब गेल्या वर्षी एक जुनी वही घेऊन आमच्याकडे आले. घरातील सर्वांत वडील व्यक्ती म्हणजे निवृत्त शिक्षक असलेले एक गृहस्थ. त्यांचे पणजोबा पलटणीत जमादार होते, असे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात असे. नातवंडांसाठी घराण्याची एक छोटी पुस्तिका छापावी, तिच्या पहिल्या पानावर पणजोबांचे नाव, हुद्दा आणि पलटण यावी, एवढीच त्यांची इच्छा होती. परंतु पुस्तिकेचे टाचण वाचून नात्यातील एका तरुणाने विचारले, ‘याला प्रमाण काय?’ प्रश्न योग्य होता. त्याचे उत्तर वहीत आहे, अशी या गृहस्थांची समजूत होती.

वही त्यांच्या दिवंगत आत्यांची. २००७ साली एका सायबर कॅफेत बसून त्यांनी पणजोबांचा शोध घेतला होता. पणजोबांचे नाव, हुद्दा आणि पलटण असलेले एक पान त्यांना एका संकेतस्थळावर आढळले, आणि त्यांनी त्या स्थळाचा लांबलचक पत्ता अक्षर न् अक्षर वहीत उतरवून घेतला. आम्ही तो पत्ता संगणकावर दिला, तेव्हा पादत्राणे विकणाऱ्या एका दुकानाचे पान उघडले. मूळ स्थळ कधी बंद पडले, त्याचे नाव दुसऱ्या कोणी कधी विकत घेतले, याचा काहीही मागमूस तेथे नव्हता. नाव एकदा सापडले होते. पत्ता हरवल्यामुळे ते पुन्हा हरवले. प्रस्तुत लेख या अनुभवातून निघाला आहे. संकेतस्थळावरील साधनाचा संदर्भ कसा द्यावा, म्हणजे स्थळ बदलले तरी साधन हाती लागेल, हा त्याचा विषय आहे.

वरवर पाहता हा प्रश्न तांत्रिक वाटेल. तो तसा नाही. महाराष्ट्रात कुलवृत्तांत छापण्याची परंपरा शंभराहून अधिक वर्षांची आहे. ज्या घराण्यांकडे सनदा, इनामपत्रे, वतनाचे कागद आणि लिहिणारी माणसे होती, त्यांचे जाडजूड छापील ग्रंथ आज ग्रंथालयांत आहेत. ज्यांना शतकानुशतके लेखणीपासून दूर ठेवण्यात आले, त्यांच्या पूर्वजांची नोंद त्यांच्या स्वतःच्या घरात सापडत नाही. ती दुसऱ्याने दुसऱ्या हेतूने केलेल्या कागदांत विखुरलेली असते. पलटणीची यादी, निवृत्तिवेतनाचा कागद, शाळेचे दाखलपुस्तक, गावच्या चाकरीचा हिशेब, जन्ममृत्यूची नोंदवही ही अशी साधने होत. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर कित्येक कुटुंबांनी जुनी नावे आणि आडनावे टाकली. त्यामुळे आजचे नाव आणि कागदातील नाव यांचा सांधा जुळविणे हेही एक स्वतंत्र संशोधन होऊन बसते.

यांपैकी अनेक साधने दूरच्या संग्रहांत, कित्येकदा परदेशांत आहेत. तेथवर जाण्याचे सामर्थ्य सामान्य कुटुंबाकडे नसते. संगणकाने ही अडचण फार मोठ्या प्रमाणावर दूर केली, हे कृतज्ञतापूर्वक मान्य केले पाहिजे. कसबा पेठेतील दोन खोल्यांत बसून लंडनमधील ग्रंथाची पाने पाहता येतात, ही गोष्ट आमच्या पिढीच्या संशोधकांना एके काळी कल्पनेतही शक्य वाटली नसती. परंतु ज्या कुटुंबाकडे दुसरे साधनच नाही, त्याचा संदर्भ तुटला तर त्याचा पूर्वज पुन्हा अंधारात जातो. ज्याच्या घरी छापील कुलवृत्तांत आहे त्याचे एका दुव्यावाचून अडत नाही. ज्याच्या घरी एक वही आहे त्याचे अडते.

संकेतस्थळे कशी बदलतात

संकेतस्थळावरील साधन दोन प्रकारांनी हातचे जाते. पहिल्या प्रकारात पानच नाहीसे होते. दुसऱ्या प्रकारात पत्ता तोच राहतो, पण पानावरील मजकूर बदलतो. दोहोंतील भेद समजण्यासाठी कसबा पेठेतच उभे राहावे. पेठेतील एखादा जुना वाडा पाडला जातो आणि त्या जागी काहीच उरत नाही. हा पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण म्हणजे लाल महाल. बाल शिवाजीराजे आणि जिजाऊ यांच्या वास्तव्याशी जोडलेला मूळ लाल महाल केव्हाच नष्ट झाला. आज त्या परिसरात त्याच नावाने उभी असलेली वास्तू पुणे महानगरपालिकेने बांधली असून ती १९८८ साली पूर्ण झाली. नाव तेच, स्थानही जवळपास तेच; पण ही भिंत पाहून सतराव्या शतकातील भिंतीविषयी कोणी विधान करू लागला तर ते चुकेल. पहिल्या प्रकारात निदान हानी झाल्याचे ध्यानात येते. दुसऱ्या प्रकारात ती लक्षातही येत नाही, आणि म्हणून तो अधिक घातक आहे.

ही हानी किती व्यापक आहे, याचा अंदाज काही पाहण्यांवरून येतो. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. तत्पूर्वी हार्वर्ड विद्यापीठातील अभ्यासकांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतील दुवे तपासले, तेव्हा सुमारे निम्म्या दुव्यांवर मूळ उद्धृत केलेला मजकूर मिळाला नाही. जेथे प्रत्येक शब्द तोलून लिहिला जातो तेथे ही स्थिती, तर घरगुती टिपणांची काय कथा!

कुलेतिहासाच्या क्षेत्रात तर हा अनुभव वारंवार आलेला आहे. जिओसिटीज या स्थळावर जगभरातील सामान्य माणसांनी हौसेने आपापली पाने उभारली होती, त्यांत वंशावळींची पानेही पुष्कळ होती. २००९ च्या ऑक्टोबरात ते स्थळ बंद झाले. रूट्सवेब हे वंशावळींच्या अभ्यासकांचे जुने आणि विनामूल्य स्थळ. २०१७ च्या डिसेंबरात तेथील सदस्यांची माहिती उघड झाल्याचे आढळल्यावर ते तात्पुरते बंद करण्यात आले, आणि त्यावरील बराच मजकूर दीर्घकाळ उपलब्ध नव्हता. ब्रिटिश लायब्ररीवर २०२३ च्या ऑक्टोबरात संगणकीय हल्ला झाला. तेथील सूची आणि संगणकीय साधने महिनोन्‌महिने बंद राहिली. इंडिया ऑफिसचे अभिलेख याच ग्रंथालयात आहेत, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. ज्यांनी केवळ संगणकीय पत्ता टिपला होता त्यांचे काम तेव्हा थांबले. ज्यांनी अभिलेखाचा वर्गांक टिपला होता त्यांना निदान आपण कोणता कागद पाहिला होता हे सांगता येत होते, कारण कागद कपाटात जेथल्या तेथे होता.

आपल्या देशातील उदाहरण डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचे. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठ यांच्या सहकार्याने सुरू झालेल्या या उपक्रमात मराठीसह अनेक भारतीय भाषांतील लक्षावधी पुस्तकांच्या छायाप्रती तयार झाल्या. २०१७ च्या सुमारास त्याची स्थळे बंद झाली. सुदैवाने त्यांतील बहुसंख्य पुस्तकांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्हवर पोहोचल्या होत्या. परंतु तेथे शीर्षके रोमन लिपीत, अनेकदा वेड्यावाकड्या वर्णलेखनात आहेत. ज्याने ग्रंथकार, शीर्षक, आवृत्ती आणि प्रकाशनवर्ष टिपले होते त्याला थोड्या खटपटीने ग्रंथ पुन्हा मिळतो; ज्याने केवळ दुवा टिपला त्याला मिळत नाही. येथे एक सावधगिरीची सूचना. या प्रतींच्या ओळखखुणेत ‘२०१५’ हा आकडा येतो. तो ग्रंथाच्या प्रकाशनाचा नव्हे. शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकासही तोच आकडा असतो.

मराठी पानांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. युनिकोडचा सार्वत्रिक वापर होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या टंकांत लिहिला जाई. प्रत्येक टंकाची अक्षरांची मांडणी वेगळी. तो टंक आपल्या संगणकात नसेल तर पान उघडते, पण देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक खच दिसतो. अशा पानाची प्रत कोठे जतन झालेली असली तरी ती वाचता येईलच असे नाही. म्हणून जुन्या मराठी पानाची छापील प्रत काढून ठेवणे, हे जुनाट वाटणारे काम प्रत्यक्षात फार उपयोगाचे ठरते.

जुन्या संशोधकांची रीत

साधन जागा बदलते, ही अडचण संगणकाबरोबर जन्मलेली नाही. इतिहाससंशोधकांना ती नेहमीच भेडसावत आली आहे, आणि तिच्यावर त्यांनी उपायही शोधले होते. पुण्याच्या पेठांचेच पाहा. आजची सोमवार पेठ म्हणजे पूर्वीचा शहापुरा, मंगळवार पेठ म्हणजे अष्टपुरा, रविवार पेठ म्हणजे मलकापूर, गुरुवार पेठ म्हणजे वेताळ पेठ. जुन्या कागदातील नाव आजच्या नकाशात शोधणाऱ्यास ते मिळणार नाही. म्हणून जाणता संशोधक कागदातील नाव जसेच्या तसे लिहितो आणि शेजारी आजचे नाव देतो. घरांचेही तसेच. कसबा पेठेतील वाड्याच्या जागी इमारत उभी राहते, तिला नवे नाव मिळते. परंतु सिटी सर्व्हे क्रमांक आणि मिळकत पत्रिका यांच्या आधारे जागेचा माग काढता येतो. तात्पर्य, घराची पाटी आणि जागेचा क्रमांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संगणकीय पत्ता ही पाटी आहे. ती केव्हाही बदलू शकते.

आपल्या अभ्यासक्षेत्रातील उदाहरण अधिक बोलके आहे. कार्ले येथील चैत्यगृहात दात्यांचे लेख आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, गोतीपुत्र महारठी अग्निमित्रणक, धेनुकाकटाचे रहिवासी अशा अनेकांची नावे त्यांत येतात. कोठे गाव, कोठे व्यवसाय, कोठे मातेचे नाव. एका अर्थी हीदेखील कुलेतिहासाचीच साधने होत. या लेखांची वाचने भिन्न ग्रंथांत भिन्न क्रमाने छापली गेली. तेव्हा ब्राह्मी लेखांची एक क्रमवार सूची हाइन्‌रिख ल्यूडर्स यांनी तयार केली. ती १९१२ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून अभ्यासक ‘ल्यूडर्स क्रमांक अमुक’ असे लिहितात. वाचन सुधारले, ग्रंथ बदलला, लेण्याचे नाव लिहिण्याची पद्धत बदलली, तरी क्रमांकामुळे लेख नेमका कोणता याविषयी संदेह राहत नाही. संगणकाच्या क्षेत्रात ग्रंथांना आणि लेखांना अशा स्थिर ओळखखुणा देण्याची पद्धत १९९० च्या दशकाच्या अखेरीस आली. कल्पना मात्र नवी नव्हती.

पेशवे दफ्तराबाबतही हेच. त्यातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतरच्या काही वर्षांत ४५ भागांत छापले गेले. त्यांचा उल्लेख भाग आणि लेखांक देऊन करण्याची रीत पडली. अप्रकाशित कागद असेल तर दफ्तर आणि रुमाल यांचा क्रमांक दिला जातो. मी पुण्यात जाऊन कागद पाहिला, एवढे लिहून कोणी थांबत नाही. मग अमुक स्थळावर पाहिले, एवढे लिहून आपण का थांबावे?

साधनाची परीक्षा कशी करावी, याविषयी तथागतांनी दिलेला एक उपदेश येथे आठवतो. दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्तात चार महापदेस सांगितले आहेत. कोणी म्हणेल, हे मी प्रत्यक्ष भगवंतांकडून ऐकले. कोणी म्हणेल, संघाकडून ऐकले. कोणी अनेक बहुश्रुत स्थविरांचे, तर कोणी एकाच स्थविराचे नाव घेईल. भिक्खूंनी त्याचे अभिनंदन करू नये आणि धिक्कारही करू नये. त्याचे शब्द नीट ध्यानात घेऊन ते सुत्त आणि विनय यांच्याशी ताडून पाहावेत, असा त्याचा आशय आहे. ऐकीव परंपरेसाठी सांगितलेली ही शिस्त संशोधकास आजही लागू पडते. कोणी सांगितले, त्याने ते कोठून घेतले, आणि ते कशाशी ताडून पाहता येईल, हे तीन प्रश्न तिच्यात आहेत. चांगल्या संदर्भात या तिन्ही प्रश्नांची उत्तरे असतात.

संदर्भ कसा लिहावा

आता व्यवहाराकडे वळू. संकेतस्थळावरील साधनाचा संदर्भ देताना पुढील गोष्टी लिहाव्यात, असे आम्हांला वाटते.

प्रथम, साधन कोणते ते लिहावे, पत्ता नंतर. ग्रंथ असेल तर ग्रंथकार किंवा संपादक, शीर्षक, खंड, भाग, वर्ष आणि पृष्ठ. कसबा पेठेचे वर्णन जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधून घेतले असेल, तर पुणे जिल्हा, खंड १८, भाग ३, १८८५ आणि पृष्ठांक असे लिहावे. या ग्रंथाच्या मूळ पानांच्या छायाप्रती आहेत, शासनाने केलेले पुनर्मुद्रण आहे, आणि नव्याने टंकलिखित केलेला मजकूरही आहे. टंकलिखित मजकुरात मूळ पृष्ठांक आढळेलच असे नाही. तेव्हा प्रकरण आणि उपशीर्षक लिहावे. मराठी विश्वकोशाचा संगणकीय पत्ता आजवर एकाहून अधिक वेळा बदलला आहे. परंतु खंड, नोंदीचे शीर्षक आणि नोंदलेखकाचे नाव दिले असेल तर वाचकाचे काहीच अडत नाही.

दुसरे, आपण पाहिले ते रूप कोणते ते सांगावे. मूळ कागदाची छायाप्रत, कोणी केलेली नक्कल, सूचीतील एक ओळ, की दुसऱ्याने रचलेली वंशावळ? यांत फार अंतर आहे. छायाप्रतीत लेखनिकाची चूक दिसते. नकलेत ती दिसत नाही, उलट नक्कल करणाराची भर पडते. रोमन लिपीत गेलेले मराठी नाव पुन्हा देवनागरीत येताना त्याचे काय होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. म्हणून नाव जसे दिसले तसे, त्याच वर्णलेखनात उतरवून घ्यावे आणि आपले वाचन शेजारी वेगळे द्यावे.

तिसरे, त्या स्थळाने आपले मूळ साधन कोणते म्हणून सांगितले आहे, ते अवश्य टिपावे. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असलेली ही ओळ बहुतेक जण सोडून देतात. वस्तुतः तीच सर्वांत मोलाची असते. युद्धात मृत्यू पावलेल्या सैनिकाची नोंद मिळाली तर सेवा क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख, स्मारकाचे नाव आणि फलकाचा क्रमांक लिहावा. वंशावळीची साधने चित्रित करणाऱ्या फॅमिलीसर्च या संस्थेने २०१७ च्या सप्टेंबरात सूक्ष्मपटांचे वितरण थांबविले; पण ज्यांनी पटाचा क्रमांक टिपला होता त्यांना त्या क्रमांकावरून संगणकीय सूचीत शोध घेता येतो.

चौथे, पाहिल्याची तारीख. मजकूर बदलणारा असल्यामुळे आपण तो कोणत्या दिवशी पाहिला हे सांगणे हा संदर्भाचाच भाग आहे.

पाचवे, प्रत. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ साली स्थापन झाली, आणि जुनी पाने पाहण्याची तिची सोय २००१ पासून सर्वांना खुली आहे. हवे ते पान तेथे जतन करण्याची विनंतीही करता येते. जतन झालेल्या पानाच्या पत्त्यात चौदा अंकी आकडा असतो. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद असा तो वाचावा. पान कोणत्या क्षणी टिपले गेले हे त्यावरून कळते. मूळ पत्त्याबरोबर हा पत्ताही द्यावा. परंतु या एका आधारावर विसंबू नये. शोधपेटीत नाव लिहिल्यानंतर तयार होणारी पाने तेथे बहुधा जतन होत नाहीत. २०२४ च्या ऑक्टोबरात त्या संस्थेवरही हल्ला झाला आणि तिची सेवा काही दिवस बंद होती. म्हणून स्वतःच्या संगणकात एक प्रत, कागदावर एक प्रत, आणि शक्य असल्यास कुटुंबातील दुसऱ्या एखाद्या घरी एक प्रत ठेवावी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा पुण्यातील नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरून कित्येक घरांतील वस्तू आणि कागद नष्ट झाले. सगळे एकाच ठिकाणी ठेवू नये, हा धडा पुणेकरांना नव्याने शिकविण्याची आवश्यकता नाही.

आणखी एक मर्यादा पाळावी. हयात व्यक्तींची जन्मतारीख, पत्ता, विवाहाची माहिती संदर्भाच्या नावाखाली उघड करू नये. पूर्वजांचा शोध जिवंत माणसांना उपद्रव देणारा नसावा.

वहीकडे पुन्हा

आत्यांच्या वहीतील पत्ता निरुपयोगी ठरल्यावर आम्ही जतन केलेली पाने पाहिली. त्या स्थळाचे पहिले पान मिळाले. नावांची यादी मात्र शोधपेटीच्या मागे होती, ती मिळाली नाही. आमचे प्रयत्न येथेच थांबले असते. परंतु आत्या एका कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नोकरीस होत्या. कागद कोठून आला हे लिहिल्यावाचून तो पुढे पाठवायचा नाही, ही त्यांच्या हाताला लागलेली सवय. पत्त्याच्या खाली त्यांनी बारीक अक्षरांत दोन ओळी लिहिल्या होत्या: ‘इंडियन आर्मी लिस्ट’, तिमाही, वर्ष आणि पृष्ठ; आणि पुढे कंसात, ‘नाव इंग्रजीत असे आहे’, म्हणून नावाचे वर्णलेखन.

या दोन ओळींनी मार्ग दाखविला. ‘इंडियन आर्मी लिस्ट’ हा छापील ग्रंथ. त्यात प्रत्येक पलटणीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांबरोबर सुभेदार, जमादार अशा भारतीय अधिकाऱ्यांचीही नावे येतात. हरवलेल्या स्थळाने तयार केलेली यादी ही या ग्रंथाची नक्कल होती. ग्रंथ स्वतः हरवलेला नव्हता. दुसऱ्या एका संग्रहात त्याच अंकाची छायाप्रत मिळाली, आणि आत्यांनी दिलेल्या पृष्ठावर १११ व्या महार पलटणीच्या जमादारांत ते नाव होते. १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली, ती पहिल्या महायुद्धात पुन्हा उघडली, आणि १९१७ साली ही पलटण उभी राहिली. १९२१ साली ती मोडण्यात आली. एवढ्या चार वर्षांच्या अवधीतील ती नोंद होती.

मात्र नोंद मिळाली म्हणजे सिद्धता झाली, असे नव्हे. यादीत गाव नाही, बापाचे नाव नाही. त्या नावाचा दुसरा मनुष्य असणे अशक्य नव्हते. आम्ही हे त्या गृहस्थांना स्पष्टपणे सांगितले. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘घरी पत्र्याच्या पेटीत एक पदक आहे. त्यावर राजाचे चित्र आहे म्हणून आम्ही ते कधी बाहेर काढले नाही.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी ते आणले. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश युद्धपदकाच्या कडेवर ते मिळविणाऱ्याचे नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंग घेऊन पाहिले. कडेवर जमादार हा हुद्दा, तेच नाव आणि पलटणीचा १११ हा आकडा होता. छापील यादी, घरातील पदक आणि कुटुंबाची परंपरा ही तीन स्वतंत्र साधने एकमेकांशी जुळली.

पुस्तिका छापली गेली. पहिल्या पानावर पणजोबांचे नाव आहे, आणि त्याखाली ते कोठे, कोणत्या ग्रंथात, कोणत्या पृष्ठावर, कोणत्या दिवशी पाहिले हे लिहिले आहे. पदकाच्या कडेचे छायाचित्र आहे. पणजोबांच्या मूळ गावाविषयीची माहिती ‘घरातील ऐकीव’ अशी स्पष्ट नोंद करून दिली आहे, कारण तिला दुसरा आधार अद्याप मिळालेला नाही. प्रमाण विचारणाऱ्या तरुणाने पुस्तिकेच्या छपाईचे काम स्वतःकडे घेतले, हेही येथे नमूद करावेसे वाटते. आत्यांचे नाव पुस्तिकेच्या अखेरीस आहे.

संकेतस्थळे येतील आणि जातील. सर्व संस्कार अनित्य आहेत हे ज्यांना शिकविले गेले आहे, त्यांना याचे आश्चर्य वाटू नये. परंतु अनित्यतेचे ज्ञान म्हणजे निष्काळजीपणास परवानगी नव्हे. जे टिकणार नाही ते ओळखून, जे टिकविता येईल ते आपल्या हाताने लिहून ठेवावे. वाचकांना आमची विनंती एवढीच की, आपल्या पूर्वजाचे नाव संगणकाच्या पडद्यावर दिसले तर केवळ त्या स्थळाचा पत्ता लिहून घेऊन समाधान मानू नये. पानाच्या तळापर्यंत जावे, तेथील बारीक अक्षरे वाचावीत, आणि तेवढ्या दोन ओळी आपल्या वहीत उतरवून घ्याव्यात.